ब्रसेल्सची शपथ आणि अ‍ॅशबर्नची शाळा

लोक ब्रसेल्सहून चॉकलेटं आणतात. माझ्या नवऱ्याने कार्यपद्धती आणली.

त्याच्या नोकरीबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आम्ही व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहतो. इथल्या कितीतरी मराठी घरांसारखं आमचंही घर त्या बिनखिडक्यांच्या, अखंड घुमणाऱ्या डेटा सेंटर्सच्या जिवावर चालतं. नवऱ्याच्या कंपनीकडे युरोपातल्या गिऱ्हाइकांची माहिती साठवलेली असते आणि ती कशी सांभाळायची याचे नियम तिकडून येतात. ते नियम वाचायचे, इथल्या साहेबांना समजावून सांगायचे आणि साहेबांनी कपाळाला हात लावला की त्यांना धीर द्यायचा, हे याचं काम. इतकी वर्षं तो नुसते नियम वाचत होता. त्या वर्षी कंपनीने त्याला हे नियम जिथे जन्माला येतात तिथे एका बैठकीला पाठवलं आणि तो प्रेमात पडून परत आला.

प्रेमात म्हणजे तिथल्या कारभाराच्या. जेवायला बसलो की सुरू. "सत्तावीस देशांचा संघ आहे. त्याचं एक कार्यकारी मंडळ असतं, त्याला आयोग म्हणतात. प्रत्येक देशाचा एक माणूस. पण एकदा तिथे बसला की तो त्या देशाचा राहत नाही!"

"मग कोणाचा?"

"सगळ्यांचा. तशी शपथच घेतात. कुठल्याही सरकारकडून सूचना घेणार नाही आणि मागणारही नाही."

मी नागपूरची. आमच्याकडे मंत्री झालेल्या माणसाने पहिला रस्ता स्वतःच्या गावाकडे नेला नाही, तर गाव त्याला पुन्हा दारात उभं करत नाही. मी म्हटलं, "असं कुठे असतं होय? घरून निघताना कोणीतरी सांगतच असेल ना, जरा आपलं बघ म्हणून."

"सांगत असतील. पण ऐकायचं नाही, असा नियम आहे."

नवरा पुण्याचा आहे. ऐकायचं नाही हा नियम त्याला आवडणारच.

त्या हिवाळ्यात मला न मागता बरंच ज्ञान मिळालं. आयोगातल्या प्रत्येकाकडे एकेक खातं असतं, पण निर्णय खात्याचा नसतो, सगळ्यांचा असतो. शेतीवाल्याने आणलेल्या प्रस्तावावर मासेमारीवाल्याचंही तेवढंच मत. संघाचा कायदा करायचा तर पहिला मसुदा बहुतेक वेळा यांनीच मांडायचा. तो मंजूर करायचा की नाही ते निवडून आलेले खासदार आणि देशोदेशीचे मंत्री ठरवतात, पण त्यांना स्वतःहून मसुदा मांडता येत नाही, फार तर 'मांडा हो' म्हणून मागे लागता येतं. आठवड्यातून एकदा सगळे एकत्र बसतात. त्याच्या आधी त्यांचे सहायक भेटून भांडणं मिटवून ठेवतात, म्हणजे मोठ्यांना मोठ्यांसारखं वागता येतं. मत घ्यायची वेळ सहसा येत नाही, आली तर बहुमताने ठरतं. आणि एकदा ठरलं की आत कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही. विरोधात असलेल्यानेही बाहेर येऊन 'आम्ही ठरवलं' असंच म्हणायचं.

"म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार," मी म्हटलं.

"म्हणजे जबाबदारी," तो म्हणाला.

मला मुळात एका जागी बसवत नाही. तो बोलायचा आणि मी ओटा पुसायचे. पुसलेला ओटा पुन्हा पुसायचे. आमची मुलगी, तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात, कानातले हेडफोन न काढता म्हणायची, "बाबा, नोबडी केअर्स." तिला वाटायचं तिने आईची बाजू घेतली. तशी ती घेतलीच होती.

हे सगळं जेवणाच्या टेबलावर राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण नेमकं त्याच सुमाराला आमच्या भागातल्या मराठी मंडळांना एकीचं भरतं आलं. अशी मंडळं पाच. आमचं अ‍ॅशबर्नचं, राजधानीजवळचं सगळ्यांत जुनं, नदीपलीकडचं, डोंगराच्या बाजूचं आणि दक्षिणेकडचं, जे सगळ्यांत लहान. दर वर्षी पाचांचे गणपती एकाच शनिवारी, दिवाळीसाठी पाचांचाही डोळा एकाच हॉलवर, आणि भारतातून एखादा गायक आला की पाचही जण त्याला पळवायला बघायचे. तेव्हा पाचांनी मिळून एक महासंघ करायचा ठरवला. घटना कोण लिहिणार, असं विचारल्यावर सगळे आपापल्या फोनमध्ये बघू लागले आणि माझ्या नवऱ्याने हात वर केला. मी शेजारीच बसले होते. मी त्याचा शर्ट मागून ओढला, पण तोवर उशीर झाला होता.

त्याने काय लिहिलं असेल ते सांगायला नको. प्रत्येक मंडळाचा एक, असं पाच जणांचं कार्यकारी मंडळ. प्रत्येकाकडे एक खातं. शपथ. आपल्या मंडळाकडून सूचना घेणार नाही, मागणारही नाही. आतलं बाहेर सांगायचं नाही. एकेकट्या सभासदाला काढता येणार नाही. काढायचं तर सर्वसाधारण सभेने दोन तृतीयांश मतांनी पाचांनाही एकदम घरी पाठवायचं. हेही तिकडचंच. तिकडचे खासदार एकट्याला हाकलू शकत नाहीत, सगळा आयोगच हाकलावा लागतो. सभेत कोणीतरी म्हणालं, "वा, पाचामुखी परमेश्वर!" आणि टाळ्या वाजवून घटना मंजूर झाली. कोणी ती वाचली नव्हती. आमच्या मंडळाने नवऱ्यालाच सभासद म्हणून पाठवलं.

आता माझ्या शाळेबद्दल. मी या देशात आले ती नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधून. नागपूरला मी शाळेत शिकवत होते. इथे मला काम करायची परवानगी नव्हती, आणि ती नव्हती म्हणजे बरीच वर्षं नव्हती. सकाळी नवरा आणि मुलगी गेली की मी घरातल्या घरात चालत राहायचे. वर, खाली, पुन्हा वर. मग एक दिवस आमच्या वसाहतीच्या क्लबहाऊसची खोली रविवारी सकाळी मोकळी असते असं कळलं, आणि मी चार मुलांना घेऊन मराठी वर्ग सुरू केला. चाराची चाळीस झाली. शिकवायला आणखी तीन जणी आल्या. पुढे परवानगी आली, मी एका डेकेअरमध्ये नोकरीही धरली, पण लोक मला ओळखतात ते रविवारच्या वर्गामुळे. इतरांच्या दृष्टीने तो एक वर्ग असेल. माझ्या दृष्टीने या देशात मी स्वतः उभी केलेली ती एकच गोष्ट होती.

कार्यकारी मंडळात शाळा हे खातं माझ्या नवऱ्याला देऊ नये, असं त्यानेच सुचवलं होतं. बायकोची शाळा आहे, बरं दिसणार नाही म्हणून. ते राजधानीजवळच्या जुन्या मंडळाच्या काकांकडे गेलं. काका निवृत्त, मुंबईचे, सगळ्यांशी गोड. त्यांनी सगळे वर्ग फिरून पाहिले, माझ्याकडे येऊन दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाल्ली, मुलांकडून श्लोक म्हणवून घेतले. आणि मग प्रस्ताव आणला. अ‍ॅशबर्नचा वर्ग बंद करायचा. मुलांनी राजधानीजवळच्या वर्गात जायचं, पाऊण तास ड्राइव्ह. मोकळ्या झालेल्या शिक्षिकांनी दक्षिणेकडे जायचं, कारण तिथे शिकवायला कोणीच उरलं नव्हतं.

मला हे कळलं ते प्रस्ताव मंजूर झाल्यावर. बैठक काकांच्या बेसमेंटमध्ये होती. नवरा घरी आला, बूट काढले, मोजे काढले, आणि म्हणाला, "उन्हाळ्यानंतर आपला वर्ग बंद होणार. आम्ही ठरवलं."

मी म्हटलं, "आम्ही म्हणजे कोण?"

"कार्यकारी मंडळाने."

"तू काय मत दिलंस?"

"ते सांगता येत नाही."

मला आधी वाटलं तो थट्टा करतोय. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. साहेबांना नियम समजावताना तो असाच दिसत असणार.

"अरे, मी बायको आहे तुझी!"

"म्हणून तर."

मी गाडीची किल्ली घेतली आणि निघाले. कुठे ते ठरवलं नव्हतं. डेटा सेंटर्सच्या मधल्या त्या सरळ रस्त्यावरून जात राहिले, सिग्नल लागला की वळायचं, असं करत पुन्हा आमच्याच गल्लीत आले. घरात जावंसं वाटेना, म्हणून पुन्हा एक फेरी मारली. रडूही येत नव्हतं. नुसता राग, आणि तो ठेवायला जागा नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पहिला फोन काकूंचा, म्हणजे ज्या काकांनी प्रस्ताव आणला त्यांच्याच बायकोचा. "अगं, मला फार वाईट वाटलं. ह्यांचा तर विरोधच होता गं. प्रस्ताव मांडला तो खातं ह्यांच्याकडे म्हणून. पण मत विरोधात." मग नदीपलीकडच्या सभासदाची बायको किराण्याच्या दुकानात भेटली. कोथिंबीर निवडता निवडता हळूच म्हणाली, "आमच्याकडचं मत तुमच्याच बाजूने होतं हं, कोणाला सांगू नका." डोंगराकडच्या सभासद बाईच्या नवऱ्याने तर मेसेजच पाठवला, खाली हात जोडलेलं चित्र. दक्षिणेकडच्याचा निरोप तिसऱ्याच कोणाकडून आला. तोही विरोधात!

म्हणजे शपथ पाचांनी घेतली होती आणि चौघांनी ती गाडीतून घरी पोचेपर्यंतच टिकवली होती. युरोपातल्या लोकांच्या घटनेत मराठी नवरा-बायकोची आणि किराण्याच्या दुकानाची सोय केलेली नव्हती, आणि माझ्या शहाण्याने ती जशीच्या तशी उतरवून घेतली होती.

मी हिशेब केला. पाचांतले चार विरोधात असते तर प्रस्ताव पडला असता. म्हणजे निदान दोघं तरी धडधडीत खोटं बोलत होते. पण हा हिशेब दुसरं कोणी करेना. सगळ्यांनी सोपा अर्थ काढला. चौघं सांगतायत विरोधात होतो, एक काही बोलत नाही, म्हणजे त्या एकानेच शाळा बुडवली. तीही बायकोची. मंदिरात लोक त्याच्याकडे बघून बाजूला व्हायला लागले. एका पालकाने किराण्याच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये त्याला सरळ विचारलं, "यार, तुझं वहिनींशी काही भांडण आहे का?" नवरा म्हणाला, "निर्णय सगळ्यांचा आहे. काही शंका असेल तर मी समजावून सांगतो." आणि मेथीच्या जुड्या हातात धरून खरंच समजावून सांगायला लागला.

मी घरात शिरले की सुरू व्हायचे. मत काय दिलंस ते सांग. विरोधात दिलं असशील तर सांग, मी कोणाला बोलणार नाही. बाजूने दिलं असशील तरी सांग, मी ओरडेन आणि मग संपेल. हे असं मधे लटकवून ठेवू नकोस. तो एकच म्हणायचा, "मी तुला सांगितलं तर मी त्या चौघांसारखाच."

"मग हो ना त्यांच्यासारखा! ते निदान घरी सुखाने जेवतात."

मुलगी जिन्यावरून म्हणाली, "आई, जस्ट अस्यूम ही व्होटेड नो अँड मूव्ह ऑन." एवढं सोपं असतं तर काय. मला ते गृहीत धरता येत नव्हतं. मी त्याच्यासमोर बसून घास घ्यायचे आणि त्याच्या हाताकडे बघायचे. याच हाताने काय केलं असेल, हे मनातून जाईना. वर्गात मुलांना शिकवताना मधेच थांबायचे. गाडी चालवताना एक्झिट चुकवायचे. झोपायला आडवी झाले की पाय हलत राहायचे. वीस वर्षांच्या संसारात मी त्याला कधी घाबरले नव्हते, पण तेव्हा मला भीती वाटत होती, आणि ती शाळेपेक्षा मोठी व्हायला लागली होती.

मग मी ती घटना वाचायला घेतली. पहिल्यांदाच. सगळ्या पाचांना एकदम घरी पाठवायचं कलम सापडलं, आणि मी सह्या गोळा करायला बाहेर पडले. सह्या मिळायला त्रास झाला नाही. प्रत्येक मंडळाचं काही ना काही दुखत होतं. कोणाची सहल बंद झाली होती, कोणाचं नाटक दुसऱ्या मंडळाला गेलं होतं. माझी शाळा हे एक कारण होतं, बाकीच्यांनी आपापलं घोडं त्याच गाडीला जुंपलं.

सभा एका शाळेच्या कॅफेटेरियात भरली. पाचही जण समोर खुर्च्यांवर. अविश्वासाचा ठराव कसा मांडायचा हे सभेच्या अध्यक्षांना माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो उठला आणि स्वतःला काढायची पद्धत सगळ्यांना नीट समजावून सांगू लागला. आधी ठराव वाचायचा, मग चर्चा, मग हात वर. हात दोघांनी वेगवेगळे मोजायचे. अमुक इतके झाले तर आम्ही सगळे गेलो, एखाद्याला ठेवा असं म्हणता येणार नाही. "ठराव मांडणाऱ्यांनी पुढे यावं," तो म्हणाला, आणि माईक माझ्या हातात दिला. बटण बंद होतं. ते त्यानेच सुरू करून दिलं.

मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, आवाज चढला होता एवढं आठवतं. हात वर झाले, मोजले, आणि कार्यकारी मंडळ गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने खुर्च्या उचलायला मदत केली.

गाडीत बसल्याबरोबर मी म्हटलं, "आता मोकळा झालास. आता सांग."

तो म्हणाला, "शपथ पद गेल्यावरही लागू असते."

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. तिकडेही तसंच आहे."

मी इतकी जोरात हसले की मागे बसलेली मुलगी घाबरली. ते हसू चांगलं नव्हतं.

निर्णय मात्र आपोआप रद्द झाला नव्हता. नव्या कार्यकारी मंडळाने तो पुन्हा बघायचा, एवढंच ठरलं होतं. आमच्या मंडळाच्या बैठकीत नवा सभासद कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्याने आग लावली त्यानेच विझवावी, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. एका पालकाने दारातच गाठलं, "वहिनी, जा आणि आपली शाळा घेऊन या!" मी म्हटलं, "आणतेच." मी जायला तयार झाले ते फक्त तेवढ्यासाठी. शपथ घेताना 'सूचना घेणार नाही, मागणारही नाही' हे वाक्य मी भराभर म्हणून टाकलं. सूचना मला मिळाल्या होत्याच, मागायची गरजच नव्हती.

आणि खातं कुठलं आलं? शाळा. मी म्हटलं, माझाच वर्ग आहे, बरं दिसणार नाही. बाकीचे चौघं म्हणाले, दुसऱ्या कोणालाच त्यात हात घालायचा नाही. घटनेत तसं काही कलम नव्हतं. नवऱ्याने ते चांगुलपणावर सोडलं होतं.

खातं घेतलं म्हणजे वर्ग बघणं आलं. दक्षिणेकडे मी एका रविवारी गेले. तिथला वर्ग किराण्याच्या दुकानामागच्या खोलीत भरायचा, तांदळाच्या पोत्यांच्या शेजारी. पाच वर्षांची मुलं आणि चौदा वर्षांची मुलं एकाच सतरंजीवर. शिकवायला दर आठवड्याला आयांमधलीच एक, जिला जमेल ती. त्या दिवशी जी होती तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. व्हिसाच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा. तरी ती बाराखडी घेऊन बसली होती. मला म्हणाली, "मॅडम, मला शिकवता येत नाही हो. पण मी नाही आले तर वर्गच होत नाही." तिने मला मागितलं काहीच नाही. मी घेऊन गेलेला चिवडा मुलांनी संपवला.

परत येताना हायवेवर गाड्या तुंबल्या होत्या. मी स्टेअरिंगवर बोटं वाजवत बसले. आमच्या वर्गात चार शिक्षिका, त्यातल्या दोघींना तर मी कधीकधी काम शोधून द्यायचे. मला हे माहीत नव्हतं असं नाही. काकांच्या प्रस्तावात ते लिहिलेलं होतं. मी तो प्रस्ताव रागाने वाचला होता, आणि रागाने वाचलेल्या कागदात आपल्याला हवं तेवढंच दिसतं. पण म्हणून माझा वर्ग? माझाच का? राजधानीवाल्यांचा का नाही? गाड्या हलत नव्हत्या आणि मला मात्र पळत सुटावंसं वाटत होतं.

बैठक जूनमधल्या एका रविवारी दुपारी झाली. खातं माझं, म्हणून प्रस्ताव मलाच मांडावा लागला. वर्ग चालू ठेवायचा किंवा बंद करायचा, दोन्ही बाजू मी सांगितल्या. दोन्ही नीट सांगितल्या, एवढं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकते. एकमत होईना. मग हात वर करायची वेळ आली. पाच हात होते आणि त्यातला एक माझा होता. तो कुठल्या बाजूने गेला, ते मी इथे लिहिणार नाही.

वर्ग बंद करायचं ठरलं.

घरी आले तर नवरा अंगणात गवत कापत होता. मला बघून त्याने मशीन बंद केलं. मी म्हटलं, "ठरलं. बंद." त्याने मान हलवली. मी तिथेच उभी राहिले. आता विचारेल, मग विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. सांगता येत नाही म्हणून, अगदी त्याच्याच आवाजात. त्याने टोपी काढून घाम पुसला, "ऊन फार आहे, आत जा," म्हणाला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

तो आठवडाभर पालकांचे फोन येत राहिले. "वहिनी, तुम्ही असून असं कसं झालं?" "तुमचं स्वतःचं मत काय होतं, तेवढं सांगा." मी म्हणायचे, "आम्ही ठरवलं." तो शेजारी लॅपटॉप उघडून बसलेला असायचा, सगळं ऐकू जायचं. फोन ठेवला की मी त्याच्याकडे बघायचे. तो वर बघायचा नाही. चौघांच्या घरी यावेळीही सगळे विरोधातच होते, हेही कानावर आलं. मला हसायचं होतं, कोणाबरोबर तरी. पाच जणांत बसून, त्यांतला एक हात आपला असताना, आपली शाळा बंद झालेली बघणं काय असतं, ते या घरात फक्त त्यालाच कळलं असतं. आणि तो विचारत नव्हता.

शनिवारी मी क्लबहाऊसमधलं सामान घेऊन आले. फळा, अक्षरांचे तक्ते, मुलांच्या खडूंचा डबा. गाडीतून उतरवताना तक्ता हातातून निसटला आणि मी गॅरेजच्या मधोमध खाली बसून रडायला लागले. तो आला. माझ्याशेजारी तसाच सिमेंटवर बसला.

"विचार ना एकदा," मी म्हटलं. "मी काय केलं ते विचार. मी सांगते तुला. मला ते पोटात ठेवून जगता येत नाहीये."

त्याने पडलेला तक्ता ओढून मांडीवर घेतला. मग म्हणाला, "नको. तू सांगितलंस तर मलाही सांगावं लागेल."

इतके महिने ज्या उत्तरासाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं, ते त्याच्या ओठांवर होतं. एक शब्द काढायचा अवकाश. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो शब्द निघायच्या आत त्यावर हात ठेवला.

"राहू दे," मी म्हणाले.